जांभळीच्या घराची साद

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि त्या राजालाही या गावाचं नाव ठाऊक नसावं.

एका उंच डोंगराच्या उतारावर हे गाव वसलं होतं. घरं एकमेकांना चिकटून नव्हती. एक घर इथे, तर दुसरं हाकेच्या अंतरावर, थोडं खाली. प्रत्येक घरापुढे एक झाड होतं आणि त्या झाडाचं नाव तेच घराचं नाव. माणसांची नावंही तीच. आईबापांनी ठेवलेलं नाव बारशापुरतं. पुढे जन्मभर माणूस आपल्या झाडाच्या नावानेच ओळखला जाई.

भोवती दाट रान होतं, रानात वाघ होता. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. दिवस मावळला की सगळ्यात वरच्या, उंबराच्या घरातून साद निघे. वरचं घर खालच्याला विचारी, "आलात काऽऽ?" खालचं घर ओरडे, "आलोऽऽ!" आणि मग आपल्या खालच्या घराला विचारी. अशी ती साद एकेक घर उतरत ओढ्याकाठच्या करंजाच्या घरापर्यंत जाई. तिथून उलटी वर चढे, "सगळे आलेऽऽ!" ती जसजशी वर येई, तसतशी दारं लागत. तोवर सगळ्यांची दारं उघडी, चुलीवर भात तयार आणि एकाच्याही तोंडात घास नाही. कुणी रानात राहिलं असेल तर साद तिथेच अडे, आणि माणसं वाळल्या झावळ्यांच्या चुडी पेटवून शोधायला निघत.

आता गावाच्या मधोमध जांभळीचं घर होतं. त्यात एकटी बाई राहायची. नवरा देवाघरी गेला होता, लेक लांबच्या गावी नांदत होती. रानातून पानं आणायची, बांबूच्या बारीक काड्यांनी पत्रावळी टाचायच्या, बाजारात विकायच्या, असा तिचा उद्योग. गावात तिला जांभळीताई म्हणत. तिच्या वरच्या घरी किंजळवहिनी राहायची, तिची जिवाभावाची मैत्रीण. खालच्या घरी आवळेदादा. माणूस मनाने चांगला, पण जेवणाची वेळ टळली की डोक्यात राख घालून घेणारा.

जांभळीताई नवी नवरी म्हणून आली, त्या पहिल्या संध्याकाळी ती परसात एकटीच रडत बसली होती. तेवढ्यात वरून हाक आली, "जांभऽऽळ, आलात काऽऽ? नवी बी आली काऽऽ?" सासू हसून म्हणाली, "तूच दे उत्तर." तिने डोळे पुसून ओरडून सांगितलं, "आलेऽऽ!" त्या दिवसापासून हे गाव तिचं झालं.

मग एका पावसाळ्यात तिला ताप भरला. ताप उतरला, बाई वाचली, पण उठून बसली तेव्हा तिचे कान गेले होते. कोंबडा मान ताणून चोच उघडत होता आणि आवाज नव्हता. चुलीत लाकूड फुटत होतं आणि आवाज नव्हता. तिने वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हलत होते, डोळ्यांत पाणी होतं.

गावाने काय केलं नाही? लसूण घालून तेल कढवलं, कानात सोडलं. देवाला नवस बोलले. कुणी तिच्या कानाशी घंटा वाजवली, कुणी थाळी बडवली. तिला बिचारीला नुसता वारा लागला. लांबून वैद्यबुवा आणले. त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. "बाकी बाई धडधाकट आहे. पण या कानांत आता आवाज जायचा नाही." सगळं गाव तिच्यासाठी हळहळलं.

संध्याकाळी मात्र पंचाईत होऊ लागली. किंजळवहिनी साद घाली, "जांभऽऽळ!" बहुतेकदा उत्तर येत नसे. मग वहिनी उतार उतरून बघून येई, ताई खाली मान घालून पत्रावळी टाचत बसलेली असे, आणि मग साद पुढे सरके. तोवर खालच्या घरांतली पोरं भुकेने रडकुंडीला येत. एक दिवस आवळेदादा म्हणाला, "बिचारीला रोज कशापायी तरास द्यायचा? ती कुठं जातीया? वहिनी, तुमी आपलं सरळ मलाच साद घाला." वहिनीला ते पटलं. गावालाही पटलं. यात कुणाच्या मनात पाप नव्हतं बरं का. उलट आपण तिची काळजी घेतोय, असंच सगळ्यांना वाटत होतं.

फक्त हे कुणी जांभळीताईला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं, असं म्हणून सोडून दिलं.

ताई रोज दिवेलागणीला उंबऱ्यावर बसायची. साद ऐकू येत नसली तरी वहिनीचं तोंड तिच्या घराकडे वळायचं, ओठांचा चंबू व्हायचा, ते तिला दिसायचं. कधी नेमकी वेळ साधून तीही ओरडायची. आणि एका संध्याकाळी तिने पाहिलं, वहिनीने मान जराशी उचलली आणि जांभळीच्या छपरावरून पलीकडे बघत साद घातली. आवळेदादाने हात हलवून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही तसंच. ताईला कळून चुकलं. एकदा न राहवून ती अंगणात उभी राहिली आणि जोरात ओरडली, "आलेऽऽ!" साद तेव्हा कुठल्या कुठे पोहोचली होती. कुत्री भुंकली, दोन-चार माणसं अंगणात येऊन कीव आल्यासारखी बघत राहिली. ती आत गेली. त्यानंतर तिने ओरडणं सोडलं.

दिवसाही काही वेगळं नव्हतं. बाया किंजळीच्या अंगणात भात कांडायला जमत, तीही जाऊन बसे. कुणी काहीतरी बोले, सगळ्या खदखदून हसत. ही विचारी, "काय गं, काय झालं?" वहिनी हाताने माशी वारल्यासारखं करी. "काय न्हाई गं, मग सांगते." वाचकहो, त्या "मग"ची वाट तिने किती पाहिली म्हणून सांगू! माणूस पाहुण्याची वाट बघतो, पावसाची बघतो. ती एका क्षुल्लक विनोदाची वाट बघत बसायची. आणि तो विनोद शिळा होऊन, विसरून जायचा, तरी तिच्यापर्यंत येत नसे.

तिला काय हवं होतं? पाखरांचा आवाज आठवून तिचा जीव तुटायचा, हे खरंच. पण पाखरांशिवाय जगता येतं, हे तिने मनाला समजावलं होतं. तिला एवढंच हवं होतं, की दिवस मावळताना आपल्यालाही कुणीतरी विचारावं, आलीस का? एवढ्यासाठी ती झुरत होती.

तुम्हाला वाटत असेल, आता गोष्टीत बोलणारा कोल्हा येईल आणि शहाणपण शिकवील. नाही. त्या रानात कोल्हे होते, पण ते आपल्या कामात होते.

पुढे पानांचा हंगाम आला. गावाजवळची पानं सरली म्हणून जांभळीताई ओढ्यापलीकडच्या डोंगरावर लांब गेली. पानांचा भारा बांधून उतरताना दगड निसटला, ती घळीत घसरली आणि पाय मुरगळला. पाय टेकवेना. दिवस कलला. समोर, दरीपलीकडे, तिचं गाव स्वच्छ दिसत होतं. एकेक दार उघडलेलं, दारांतून अंगणात उजेड पडलेला. साद निघाली असणार.

तिने हाका मारल्या. आपला आवाज किती मोठा निघतोय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. वारा तिच्या पाठीकडे, वर डोंगरात वाहत होता.

मग तिने पाहिलं. ओढ्याकाठी करंजाचं दार लागलं, उजेड गेला. म्हणजे साद उलटी फिरली होती. त्याच्या वरचं दार लागलं. त्याच्या वरचं. उजेड एकेक पायरी चढत विझत होता. आवळ्याचं दार लागलं. मध्ये तिचं स्वतःचं घर काळोखात उभं होतं. तिने श्वास रोखून किंजळीच्या दाराकडे पाहिलं. निदान ते दार उघडं राहील, वहिनी अंगणात येईल, खाली अंधार का म्हणून बघेल. वहिनीने खाली पाहिलंही असेल, लवकर निजली असेल असं म्हटलंही असेल. किंजळीचं दार लागलं.

सगळे आले, असं गावाने म्हटलं होतं. ती दगडाला टेकून बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

ती रात्र तिने कपारीत काढली. वाघ आला नाही, हे तिचं नशीब. उजाडल्यावर काठी तोडून, बसत, सरपटत ती गावाकडे निघाली आणि ऊन चढल्यावर पाणवठ्याशी पोहोचली. किंजळवहिनी घागर भरत होती. तिने ताईला पाहिलं आणि हसून हातानेच विचारलं, पहाटेच पानं आणायला गेली होतीस?

जांभळीताईने हातातली काठी खाली टाकली. मग तिच्या त्या बेसूर झालेल्या, मोठ्या आवाजात ती म्हणाली, "वहिनी, काल सगळे आले व्हते न्हवं? जेवलात न्हवं पोटभर? मग मी कोन गं? मी रातभर त्या घळीत व्हते!"

वहिनीच्या हातून घागर सुटली.

दुपारी सगळं गाव उंबराखाली जमलं. उंबरआजी गावात सगळ्यांत वडील. सादेची सुरुवात तीच करायची. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "माज्या सासूच्या सासूपासनं ही साद चालत आली. तिनं वाघ बघितला, दुष्काळ बघितला. पर ती कधी खोटं बोलली नव्हती. काल ती खोटं बोलली."

कुणाला मान वर करवेना. शेवटी आवळेदादा उठला. त्याचा चेहरा पडला होता. तो म्हणाला, "चूक माजी हाय. मीच म्हनलो व्हतो. आता असं करू, ताईला रानात जाऊच द्यायचं न्हाई. घरात बसून ऱ्हाऊ दे. रोज एकेका घरानं तिला जेवान द्यायचं. आपुन समदे पोसू तिला."

लोकांनी माना डोलावल्या. पुन्हा तेच झालं होतं बघा, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. जांभळीताई या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. बोलणं तिच्याबद्दल चाललंय, एवढं तिला कळत होतं. तिने वहिनीला कोपराने ढोसलं. "काय म्हनतोय गं त्यो?"

वहिनीचा हात सवयीने वर गेला. "काय न्हाई गं, मग..."

आणि तो हात तिथेच थबकला. वहिनीने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग ती ताईच्या पुढ्यात येऊन बसली, तोंडासमोर तोंड, उजेडात. तिने आवळेदादाकडे बोट दाखवलं. पान उचलून डोंगराकडे दाखवलं आणि नाही म्हणून हात हलवला. ताईच्या घराकडे दाखवलं, मांडी ठोकून बसून दाखवलं. मग एकेका माणसाकडे बोट करून घास भरवल्याची खूण केली. चुकत होती, पुन्हा करत होती, पण तिने सगळं सांगितलं. गावात ताईला पुरतं सांगितलेलं ते पहिलं बोलणं.

ताईला कळलं. तिने आवळेदादाकडे पाहिलं. "मी काय शेळी हाय व्हय रं, दावणीला बांधून पोसायला? माजे कान गेले, हातपाय हायेत. मला तुमचा भात नगो." तिचा आवाज फाटला. "मला इचारा. रोज सांजच्याला मला बी इचारा, आलीस का म्हनून. लई दिस झाले, मला कुनी इचारलं न्हाई."

आवळेदादाने उपरण्यात तोंड लपवलं.

उंबरआजी काठी टेकत उठली. "आपुन हिचे कान बरे करायला वैद्य आनला. इलाज करायचा व्हता आपल्या सादेवर. आजपासनं साद तोंडानं न्हाई, चुडीनं घालायची. इचारनाऱ्यानं पेटती चूड आडवी हालवायची, उत्तर देनाऱ्यानं उभी वर धरायची. वरपासनं खालपर्यंत, समद्यांनी." वहिनी एकेक गोष्ट ताईला खुणांनी सांगत होती.

"आजी, आन धुकं असंल त्या दिशी?" आवळेदादाने विचारलं.

"त्या दिशी चालत जायाचं. एकानं दुसऱ्याच्या दारात. म्होरं हात पसरायचा, म्हंजी आलीस का. तिनं हातात हात द्यायचा, म्हंजी आले."

"भात गार व्हईल की."

"होऊ दे गार," आजी म्हणाली.

त्याच संध्याकाळी उतारावर चुडी हलल्या. किंजळीच्या अंगणातली चूड आडवी हलली, जांभळीच्या अंगणातली उभी राहिली. बराच वेळ ती खाली आलीच नाही. आवळेदादा भुकेला होता, तरी गप्प उभा राहिला.

चुडी काही दिवसभर हलवता येत नाहीत. म्हणून मग खुणा वाढत गेल्या. भाताची खूण झाली, पावसाची झाली, सासूची झाली. ती कशी होती ते सांगत नाही. ताईशी बोलायचं तर आधी खांद्याला हात लावायचा, पाठीमागून बोलायचं नाही, उजेडाकडे तोंड करून बसायचं, हे लहान पोरांनाही ठाऊक झालं. आवळेदादाची बोटं जाड. तो मीठ मागायला आला आणि म्हैस व्याल्याची खूण करून बसला, तेव्हा ताई पोट धरून हसली. तिला हसताना पाहून इतर बाया विचारू लागल्या, "काय झालं गं?" ताईने माशी वारल्यासारखा हात केला, थांबली, वहिनीकडे बघून डोळे मिचकावले आणि सगळं सांगितलं.

मग धुक्याचे दिवस आले. पहिल्या संध्याकाळी असं धुकं उतरलं की समोरचं जांभळीचं झाडही दिसेना. चूड पेटवली तर हातभर उजेड. ताई उंबऱ्यावर बसली. कुणी येईल का? वाट निसरडी झाली आहे, थंडी आहे, घरात भात वाफाळतोय. सांगणं निराळं आणि ओल्या उतारावरून रोज उतरणं निराळं. ती वाट बघत राहिली. तिला घळीतली ती संध्याकाळ आठवली, लागत जाणारी दारं आठवली. शेवटी ती उठली आणि दाराला हात घातला.

तिच्या खांद्यावर ओला हात पडला. वळून पाहिलं तर किंजळवहिनी, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, गुडघ्याला चिखल लागलेला. वाटेत घसरली होती. तिने तळहात पुढे पसरला.

जांभळीताईने त्यात आपला हात ठेवला. दोघी रडल्या. मग ताईने डोळे पुसले, कारण आता थांबून चालणार नव्हतं. पुढची साद तिची होती. ती काठी घेऊन धुक्यात उतरली. आवळेदादा अंगणात चूड धरून तिची वाट बघत उभा होता. तिने हात पसरला, त्याने आपला जाड, खरखरीत हात त्यात दिला आणि तो खाली निघाला.

ताई तिथेच थांबली आणि खूप वेळाने तो परत आला. त्याने दोन्ही तळवे एकमेकांत मिटून दाखवले. सगळे आले. ताईने ती खूण उतार चढून वर नेली आणि वहिनीच्या दारात स्वतःच्या दोन्ही हातांनी दिली. त्या रात्री सगळ्या गावाने गार भात खाल्ला. कुणी कुरकुरलं नाही असं नाही, पण खाल्ला.

आणखी काही वर्षं गेली. उंबरआजी गेली. करंजाच्या घरी मुलगी झाली. मुलगी गोड, पण थाळी पडली तरी दचकत नसे. आई घाबरली. तिने तेल कढवलं नाही, घंटा वाजवली नाही. पोरीला पदरात गुंडाळून ती थेट जांभळीच्या घरी आली आणि रडत तिच्या पुढ्यात बसली.

जांभळीताई आता म्हातारी झाली होती. तिने पोरीकडे पाहिलं. तिला सगळं आठवलं. कोंबड्याची उघडी चोच, वहिनीचे हलणारे ओठ, छपरावरून गेलेली साद. या पोरीला यातलं काही भोगावं लागणार नव्हतं. हिच्यासाठी गावाने भाषा आधीच शिकून ठेवली होती. ताईने पोरीसमोर आपला सुरकुतलेला तळहात पसरला.

पोरीने तो बघितला. मग इवलीशी मूठ उघडून तिने ताईचं बोट घट्ट धरलं.

त्या गावात अजूनही भात थोडा गारच खातात म्हणे.

लहानथोरांनी या गोष्टीतून एवढंच घ्यावं: ऐकू येईनासं झालं म्हणून माणूस एकटा पडत नाही, आपण त्याला विचारणं सोडतो, तेव्हा तो एकटा पडतो.